द डॉक्युमेंट्स इन द केस

डॉरथी एल. सेयर्स (१८९३–१९५७) यांची, पत्रे व कागदपत्रे यांतून उलगडणारी रहस्यकादंबरी, लंडन, १९३०. सहलेखक रॉबर्ट युस्टेस, म्हणजे टोपणनावाने लिहिणारे डॉक्टर युस्टेस रॉबर्ट बार्टन. खुनाची युक्ती आणि तिच्यामागचे रसायनशास्त्र त्यांचे, लेखन सेयर्स यांचे. रहस्यकथाकारांच्या डिटेक्शन क्लबच्या सामूहिक कादंबऱ्या सोडल्या, तर लॉर्ड पीटर विम्झी हा सेयर्स यांचा गुप्तहेर नसलेली ही त्यांची एकमेव कादंबरी.

जॉर्ज हॅरिसन हा लंडनमधील प्रौढ विद्युत अभियंता. रानातली खाण्याजोगी अळंबी गोळा करून शिजवण्याचा त्याला छंद आहे. डेव्हनमधल्या झोपडीवजा घरात तो एकटाच मरतो. विषारी अळंबी चुकून खाल्ली, असा निष्कर्ष चौकशीत निघतो. मुलगा पॉल याला तो पटत नाही. तो सगळ्यांची पत्रे, जबान्या आणि टिपणे मिळवून सरकारी अभियोग संचालकांकडे पाठवतो. वाचकाच्या हाती येते ती हीच फाइल.

निवेदक नसल्यामुळे खरे कोणाचे मानायचे, हे वाचकालाच ठरवावे लागते. घरात सोबतीण म्हणून राहणाऱ्या मिस मिल्सम यांच्या पत्रांतला हॅरिसन खाष्ट, बायकोचा छळ करणारा आहे. त्याच माणसाने आफ्रिकेत असलेल्या मुलाला लिहिलेली पत्रे वाचली की एक संकोची, बायकोवर जीव असलेला आणि तिच्याशी कसे बोलावे हे न कळणारा गृहस्थ दिसतो. कादंबरीचे सर्वांत मोठे यश इथे आहे. खुनी कोण हा प्रश्न त्यामानाने लवकर सुटतो. हॅरिसनची पत्नी मार्गारेट आणि तिचा प्रियकर, चित्रकार लॅथम, यांच्या संबंधांवर एडिथ थॉम्प्सन आणि तिचा प्रियकर फ्रेडरिक बायवॉटर्स यांच्यावर एडिथच्या नवऱ्याच्या खुनाबद्दल १९२२ मध्ये चाललेल्या खटल्याची गडद छाया आहे. त्या खटल्यातही प्रियकराला लिहिलेली पत्रे एडिथच्या गळ्याशी आली आणि ९ जानेवारी १९२३ रोजी दोघांना फाशी झाली. कादंबरीतली मार्गारेट मात्र कायद्याच्या हाती लागत नाही.

निर्णायक पुरावा प्रकाशकिरणाचा आहे. सजीवांत तयार झालेले मस्कॅरीन हे विष ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचे प्रतल फिरवते. प्रयोगशाळेत बनवलेल्यात एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले डावे व उजवे रेणू समसमान असल्याने प्रतल हलत नाही. हॅरिसनच्या जेवणातले विष प्रतल फिरवत नाही. म्हणजे ते अळंबीतून आलेले नसून कुणीतरी बाटलीतून ओतलेले आहे. स्वतःच्या बाजूने झुकलेल्या इतक्या पत्रांनंतर येणारे हे प्रयोगशाळेतले दृश्य आजही श्वास रोखून वाचावे असे आहे.

हॅरिसनने चुकून खाल्ली असे कथेत मानले जाते, त्या लाल अळंबीत प्रत्यक्षात मस्कॅरीन अगदी अल्प असते. तेवढ्याने माणूस सहसा दगावत नाही. प्रसिद्धीनंतर मूळ युक्तीवरही आक्षेप आला: मस्कॅरीनची तेव्हा मानली जाणारी रचना खरी असेल, तर ते प्रकाशाचे प्रतल फिरवूच शकणार नाही. सेयर्स यांना हा आक्षेप फार लागला. १९५७ मध्ये मस्कॅरीनची रचना निश्चित झाली, तेव्हा नैसर्गिक मस्कॅरीन प्रतल फिरवते हे कादंबरीतले गृहीत बरोबर ठरले.