मांडे (बेळगावी)

गव्हाच्या पिठाची, पापुद्र्यासारखी पातळ ताणलेली, उपड्या खापरावर किंवा कढईवर भाजून गरम असतानाच घडी घातलेली गोड पोळी. कन्नडमध्ये मंडिगे. मांडे खानदेशातही होतात, पण साखरेचा कुरकुरीत मांडा म्हटले की बेळगावचेच नाव निघते. तिथल्या मिठाईच्या दुकानांत तो कुंद्याच्या शेजारी मिळतो, आणि या भागातल्या पारंपरिक लग्नाच्या पंगतीत पानावर त्याची जागा ठरलेली असते. बेळगाव, निपाणी हा मुलूख १९५६ साली मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मनात मांडे खाण्याची सवय मात्र मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांना सारखीच आहे.

पदार्थ जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ येतो. गव्हाच्या चाळलेल्या पिठात तूप आणि मीठ घालून मळणे, गोळा हाताने पसरणे, तापल्या खापरावर भाजणे ही त्यातली कृती आजच्या मांडेकरणीलाही परकी वाटणार नाही. मराठी घरांत अधिक ठाऊक आहे ती मुक्ताबाईची आख्यायिका: विसोबा चाटीने गावात खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. या गोष्टीत अडते ते पिठावाचून नव्हे, खापरावाचून. स्वयंपाकाच्या दृष्टीने ते अगदी खरे आहे.

कणकेसाठी मैदा आणि बारीक रवा, थोडे तूप आणि चवीपुरते मीठ घेतात. मीठ विसरले तर मांडा नुसता गोडमिट्ट लागतो. कणीक सैलसर भिजवून भरपूर तिंबतात आणि ओल्या फडक्याखाली मुरवतात. तिंबल्याने गव्हातल्या प्रथिनांचे लवचीक जाळे बनते, मुरल्याने त्याचा ताठरपणा जातो. पोळी ताणली की मागे आखडत नाही. घाईची कणीक लगेच उघडी पडते: मधोमध भोक आणि कडेला जाड काठ.

सारण पिठीसाखरेचे. त्यात तूप, भाजलेली खसखस, वेलची, बऱ्याचदा खवा. साखर चाळूनच घ्यावी, कारण एखादा खडाही पातळ पोळी फाडतो. दोन पाऱ्यांमध्ये सारण भरून कडा दाबतात, लाटतात, मग पोळी दोन्ही हातांवर घेऊन पंजे फिरवत वाढवतात. काही जण रिकामीच पोळी ताणून खापरावर टाकतात आणि सारण वरून पसरतात. खापर उपडे असल्याने पोळी स्वतःच्या वजनाने चहूबाजूंनी खाली ओढली जाते, सुरकुती पडत नाही, आणि खालचा जाळ सगळीकडे सारखा लागतो. भाजायला फार वेळ लागत नाही. खरी कसोटी घडीची. पोळी उतरताना मऊ असते, निवताना कडक होते. तेवढ्या अवधीत तिची चौकोनी घडी पडली पाहिजे. उशीर झाला की हातात चुरा येतो.

खव्याचा मांडा श्रीमंती थाटाचा खरा, पण खव्याच्या ओलाव्याने कुरकुरीतपणा जातो आणि टिकाऊपणाही कमी होतो. साध्या साखरेचा मांडा, वर कोमट दूध आणि तूप, हाच सरस. ओलाव्याच्याच कारणाने फळाचा गर किंवा ताजे पनीर या सारणात बसत नाही. चीज गोडात चालतच नाही असे नाही: पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहरातल्या कनाफा या मिठाईत मिठाच्या पाण्यात मुरवलेले चीज आणि साखरेचा पाक एकत्र येतात. मांड्यात खारट बाजू सांभाळायला कणकेतले चिमूटभर मीठ पुरते. नाब्लुसच्याच मुलखातली मरकूक ही पातळ रोटीही हातांवर ताणून ‘साज’ नावाच्या उपड्या लोखंडी तव्यावर भाजतात, म्हणजे साधन जवळपास तेच. आपल्याकडची रुमाली रोटी उपड्या कढईवर होते, पण ती बिनसाखरेची.

फळाची जोड हवी असेल तर खानदेशाकडे पाहावे. तिथला मांडा पुरणाचा, मऊ आणि खापराएवढा मोठा. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, तो आमरसाबरोबर वाढतात. सोबत पुरणाच्या कटाची तिखट रशी आणि तळलेल्या कुरडया असतात. गोड घास आणि तिखट घास आलटूनपालटून घेता घेता मोठमोठे मांडे पानावरून दिसेनासे होतात.