रात्री अकराचं विमान

५ मार्च २०१८, पहाटे पाचच्या सुमारास

बिलोएला हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातलं पाच-सहा हजार वस्तीचं गाव. श्रीलंकेतून आलेलं एक तमिळ कुटुंब तिथे राहतं. बाप मांसाच्या कारखान्यात कामाला. तो २०१२ मध्ये आणि आई २०१३ मध्ये, वेगवेगळ्या बोटींतून आश्रय मागायला आले. ओळख आणि लग्न ऑस्ट्रेलियात आल्यावर झालं. दोन मुली, दोघींचा जन्म तिथलाच. आई गावातल्या दवाखान्यातल्या लोकांसाठी घरची करी करून नेई, म्हणून तिला ओळखणारे पुष्कळ.

पहाटे दार वाजतं. बाहेर गणवेशातली माणसं. आईच्या ब्रिजिंग, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसाची मुदत आदल्याच दिवशी संपली आहे. सामान बांधायला मिळतात जेमतेम दहा मिनिटं. धाकटी तेव्हा नऊ महिन्यांची. चौघांना ग्लॅडस्टनला आणि तिथून विमानाने मेलबर्नच्या डिटेन्शन सेंटरमध्ये नेलं जातं.

मुदत संपल्याचा दुसराच दिवस आणि वेळ पहाटेची. हा योगायोग नसतो. गाड्या, माणसं, विमान, सगळं आधी ठरवावं लागतं. ज्या वेळी शेजारी झोपलेले असतात, वकील फोन उचलत नाही आणि कोर्ट उघडायला चार-पाच तास असतात, नेमकी ती वेळ निवडलेली असते.

त्याच महिन्यात त्यांना पर्थला नेऊन श्रीलंकेच्या विमानात बसवलंही होतं. ऐन वेळी वकिलांची धावपळ फळाला आली आणि चौघांना खाली उतरवलं गेलं.

मे २०१९

आई-बापाचा आश्रयाचा अर्ज सरकारी अधिकाऱ्यांनी फेटाळला आणि खालच्या कोर्टांनी तो निर्णय फिरवला नाही. आता हायकोर्टही, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं सर्वोच्च न्यायालय, अपील ऐकायला नकार देतं. सरकारच्या दृष्टीने विषय संपला. बिलोएलाच्या लोकांच्या दृष्टीने संपलेला नाही. कुटुंबासाठीची त्यांची सह्यांची मोहीम चालूच राहते. एका शेतीप्रधान, सत्ताधारी पक्षालाच मतं देणाऱ्या भागातली ही माणसं, आमचे शेजारी आम्हाला परत द्या म्हणतात. गृहमंत्री पीटर डटन स्वतः क्वीन्सलँडचे. ते बधत नाहीत.

२९ ऑगस्ट २०१९, गुरुवार, संध्याकाळ

मेलबर्नच्या केंद्रात निरोप येतो: निघायचं आहे, आज रात्रीच. थोरली आता चार वर्षांची, धाकटी दोनची. धाकटीच्या आयुष्यातला निम्म्याहून जास्त काळ याच कुंपणाआड गेलेला. आई मिळेल त्या फोनवरून बाहेरच्या ओळखीच्यांना कळवते. बातमी पसरते आणि लोक विमानतळाकडे निघतात.

रात्री अकराच्या सुमारास

विमान खास या कामासाठी घेतलेलं. प्रवासी म्हणून हे चौघे, बाकी पहारेकरी. आतून बाहेर आलेल्या व्हिडिओत मुलींचं रडणं ऐकू येतं आणि आईचा आक्रोशही. विमानतळाच्या कुंपणाबाहेर घोषणा देणारी माणसं. विमान उडतं.

इथे थोडं थांबून कायदा समजून घ्यायला हवा, कारण त्या रात्री चौघांचा जीव एकाच धाग्याला लोंबकळत होता. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आई-बापांपैकी एक तरी नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. म्हणून मुली परक्या. त्याहून कठोर गोष्ट पुढे आहे. बोटीने विनापरवाना आलेल्यांसाठी तिथल्या कायद्यात एक वेगळा वर्ग आहे आणि त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांनाही त्याच वर्गात टाकलं जातं. म्हणजे क्वीन्सलँडमध्ये जन्मलेली, समुद्रात कधी पाऊलही न टाकलेली धाकटी कायद्याच्या नजरेत बोटीतून घुसलेली. त्या वर्गातल्या माणसाला मंत्र्यांनी मोकळीक दिल्याशिवाय व्हिसाचा अर्जसुद्धा करता येत नाही.

मात्र धाकटीच्या बाजूचा विचार कधी रीतसर झालाच नव्हता. आई-बापाचे आणि थोरलीचे दरवाजे बंद झाले होते, हा एक उघडा राहिला होता. वकील करीना फोर्ड यांच्या हाती तेवढंच होतं.

मध्यरात्रीच्या आसपास

विमान हवेत असताना न्यायाधीश हेदर रायली फोनवरच सुनावणी घेतात आणि स्टे देतात. स्टे फक्त धाकटीपुरता. आई, बाप, थोरली यांचं नाव त्यात नाही. दोन वर्षांच्या मुलीला एकटीला मागे ठेवून बाकी तिघांना पाठवायची सरकारची तयारी नसेल, एवढाच त्या आदेशाचा आधार.

३० ऑगस्ट, पहाटे तीनच्या सुमारास

विमान डार्विनला उतरतं आणि पुढे जात नाही. चौघांना उतरवून घेतात. दिवसा कोर्ट पुन्हा बसतं आणि स्टेची मुदत पुढच्या बुधवारपर्यंत वाढवतं.

जिथे त्यांना ओळखणारं कुणीतरी आहे, वकील भेटू शकतात, त्या मेलबर्नला त्यांना परत नेता आलं असतं. स्टेच्या आदेशात त्याला कोणतीही आडकाठी नव्हती.

३० ऑगस्टची रात्र

आणखी एक रात्र, आणखी एक विमान. ते जातं ख्रिसमस बेटावर, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर लांब. जावा बेट त्याहून कितीतरी जवळ. तिथल्या डिटेन्शन सेंटरमध्ये तेव्हा बंदी म्हणून हे चौघेच आणि त्यांच्यासाठी शंभराहून जास्त कर्मचारी. कोर्टाने देशाबाहेर नेऊ नका म्हटलं होतं. सरकारने देशाची हद्द न ओलांडता जितकं दूर नेता येईल तितकं नेलं. हद्दपारी टळली, पण अनर्थ टळला नाही. त्या बेटावर हे कुटुंब पावणेदोन वर्षांहून जास्त काळ राहिलं.

एप्रिल २०२० मध्ये फेडरल कोर्टाने धाकटीला न्याय्य वागणूक मिळाली नाही असा निकाल दिला आणि सरकारला दोन लाख डॉलरांहून जास्त कोर्टखर्च भरायला लावला. कुटुंब बेटावरच राहिलं. जून २०२१ मध्ये धाकटी तापाने फणफणली. न्यूमोनियातून रक्तात संसर्ग पसरला, तेव्हा तिला विमानाने पर्थच्या हॉस्पिटलात हलवलं. तिचा चौथा वाढदिवस तिथेच झाला. तिच्या वेदनेचा फोटो देशभर फिरल्यावर सरकारने कुटुंबाला पर्थमध्ये राहू दिलं.

मे २०२२ मध्ये सत्ता बदलली. १० जूनला चौघे बिलोएलाला परतले आणि ऑगस्टमध्ये त्यांना कायमस्वरूपी व्हिसा मिळाला. त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही. नव्या मंत्र्यांनी तो आपल्या खास अधिकारात दिला, आणि विमान मेलबर्नहून उडालं त्या रात्री अकरा वाजताही सरकारमधल्या मंत्र्यांच्या हाती तसाच अधिकार होता.