बोल्ट किती आवळायचा? एका आकड्याचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज जुन्या मोटारीच्या नट-बोल्टांवर बोलणार, हे वाचून काही जण कुतूहलापोटी आले असतील. काही जण खरोखरच गाडी उघडून बसलेले असतील. दोघांचंही स्वागत.

प्रश्न साधा आहे. समजा, तुम्ही एखादी जुनी ॲम्बेसेडर, फियाट किंवा त्याहून जुनी एमजी पुन्हा उभी करताय. पुढचं सस्पेन्शन उतरवलं, ब्रेक उतरवले, सगळं घासून-पुसून रंगवलं. आता जोडायची वेळ आली. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा?

याला दोन उत्तरं मिळतात. गॅरेजमधले मिस्त्री म्हणतात, "हाताला कळतं." घरातला इंजिनिअर भाचा म्हणतो, "मॅन्युअलमध्ये आकडा दिलाय, टॉर्क रेंच लावा आणि मोकळे व्हा." माझं म्हणणं असं की दोघांचंही अर्धं बरोबर आहे. तो आकडा आकाशातून पडलेला नाही, त्याला इतिहास आहे. बोल्ट कोणत्या काळचा, कोणत्या देशाचा, कोणत्या आट्यांचा, कोरडा की तेल लावलेला, एवढं सगळं गृहीत धरून तो छापलेला असतो. तो इतिहास माहीत नसेल तर बरोबर आकडासुद्धा चुकीचा ठरतो. आणि ब्रेकच्या बाबतीत हे बोरघाट उतरताना कळून उपयोग नाही.

आधी बोल्ट म्हणजे काय, ते बघू. आपल्याला वाटतं बोल्ट म्हणजे खिळ्यासारखी एक दांडी, मध्ये अडकून दोन भाग धरून ठेवते. तसं नाही. चाकी आवळली की बोल्ट ताणला जातो, अगदी किंचित, केसाच्या जाडीहूनही कमी. ताणलेला बोल्ट परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. म्हणजे बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. ताणाच्या प्रमाणात ओढ वाढते, हा रॉबर्ट हूकचा नियम. हूक मोठा संशयी माणूस होता. शोध कुणी चोरू नये म्हणून त्याने १६७६ साली तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि उकल दिली १६७८ साली! आपल्या प्रत्येक बोल्टात ते कोडं बसलेलं आहे असं म्हणायला हरकत नाही.

पण गंमत अशी की, ही ओढ आपण मोजत नाही. आपण मोजतो पाना फिरवायला किती जोर लागला ते. त्या जोराचे शंभर हिस्से धरले तर ढोबळमानाने पन्नास बोल्टच्या डोक्याखाली किंवा चाकीखाली घासण्यात जातात, चाळीस आट्यांत घासण्यात जातात, आणि जेमतेम दहा बोल्ट ताणायला उरतात. ज्यासाठी एवढा खटाटोप, त्याला दहावा हिस्सा! घर्षण थोडं बदललं की हा दहावा हिस्सा कुठल्या कुठे जातो.

उदाहरण देतो. ८ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला बोल्ट कोरडा असताना साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात. तेवढ्याने तो सुमारे पावणेदोन टनांची ओढ धरतो. आता त्याच्या आट्यांना मायेने ग्रीस चोपडलंत आणि पुन्हा तोच २५ चा आकडा लावलात, तर घर्षण घटतं आणि ओढ अडीच टनांच्या आसपास जाऊ शकते. बोल्टची सुरक्षित मर्यादा आहे दोन टनांच्या जरा वर. रेंच बरोबर, आकडा बरोबर, 'कट्ट' असा आवाजही वेळेवर आला. आणि बोल्ट मात्र कायमचा लांबला. लांबलेला बोल्ट बघून ओळखू येत नाही, हे आणखी वाईट.

आता आट्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका ठिकाणची चाकी दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर चढत नसे. जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली एक पद्धत मांडली : आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचामागे ठरावीक आटे. मला हा माणूस आवडतो. त्याने आदर्श आटा डोक्यातून काढला नाही. लोक काय वापरतात ते आधी बघितलं. आमच्या विषयातल्या फार थोड्या लोकांना हे सुचतं.

मग १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा सुचवला, कारण तो साध्या कामगाराला कापायला सोपा जातो. युरोप खंडात मिलिमीटरचे आटे आले. अशी तीन घराणी झाली आणि तिन्हींचं एकमेकांशी जमेना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन बनवायला घेतलं, तेव्हा ब्रिटिश आटे कापण्याची हत्यारंसुद्धा तिला स्वतःच घडवावी लागली. युद्ध संपल्यावर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी, वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका समान आट्यावर सह्या केल्या. त्याला युनिफाइड म्हणतात. कोन अमेरिकेचा, ६० अंश. व्हिटवर्थ मागे पडला.

जुन्या गाडीवाल्याला ही तारीख का ठाऊक हवी? कारण ब्रिटिश गाडी त्याच्या अलीकडची की पलीकडची, यावर तिचे आटे बदलतात. आणि तेही सरळ नाही. मॉरिसच्या इंजिनांची गोष्ट ऐका. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्र-कंपनीने इंग्लंडात कॉव्हेंट्रीला कारखाना काढला. यंत्रं आली ती मिलिमीटरची. युद्धानंतर तो कारखाना मॉरिससाठी इंजिनं बनवू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिसनेच तो विकत घेतला. यंत्रं तीच राहिली, म्हणून आटे फ्रेंच राहिले. पण इंग्रज मिस्त्रीकडे पाने होते व्हिटवर्थचे! तेव्हा बोल्टचे आटे मिलिमीटरचे ठेवले आणि डोकी व्हिटवर्थच्या मापाची केली. एमजी टीसी नावाची जी देखणी दोन सीटची गाडी आहे, तिच्या इंजिनात १९४० च्या दशकातही हेच चालू होतं. पाना बसला म्हणून बोल्ट त्याच जातीचा, असं मानणाऱ्याची तिथे फसगत ठरलेली. पान्यावरच्या आकड्याचाही भरवसा नाही. व्हिटवर्थ पान्यावर अर्धा इंच लिहिलं असेल तर ती बोल्टच्या दांड्याची जाडी असते, अमेरिकन पद्धतीच्या पान्यावर लिहिलं असेल तर ती पान्याच्या तोंडाची रुंदी असते.

आता आपल्याकडे येऊ. ॲम्बेसेडर म्हणजे मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनलेली. तिच्यात मुख्यतः इंचाचे युनिफाइड आटे. फियाट ११००, जिची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, ती कुर्ल्याला बनत असे. तिचे आटे इटलीचे, म्हणजे मिलिमीटरचे. एकाच गॅरेजात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहत. आणि मिस्त्रींच्या तोंडी तिसरंच माप, सूत. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. "तीन सुती बोल्ट दे" म्हणजे तीन अष्टमांश इंचाचा. हे माप बोलायला गोड आहे, पण ते फक्त जाडी सांगतं. आटे बारीक की जाड, ५५ चे की ६० चे, हे सूत सांगत नाही.

त्यामुळे साठ-सत्तर वर्षं या गाड्यांत जे हाताला लागेल ते बसत गेलं. भंगारातला बोल्ट, दुसऱ्या गाडीची चाकी, जरा जोर लावला की चढतेच. तुमच्या हातात गाडी येते ती या सगळ्या इतिहासासकट येते.

इथे ब्रेकचा मुद्दा जिवावर बेतणारा होतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या ब्रेकच्या नळीची चाकी बहुधा तीन सुती, बारीक आट्यांची असते. इंचाला २४ आटे. मिलिमीटरच्या ब्रेक सिलिंडरचं भोक १० चं, आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, आणि आट्यांतलं अंतर १.०६. म्हणजे ही चाकी त्या भोकात सहज जाते. चार आटे धरते. हाताला घट्टही लागते! पायाने ब्रेक दाबून बघितला तरी कदाचित गळणार नाही. आणि एक दिवस, सगळ्या ताकदीने ब्रेक दाबायची वेळ येईल तेव्हा ती बाहेर येईल. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असे. एका ठिकाणी फुटलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून माझी विनंती आहे, रेंच हातात घेण्याआधी आटे मोजायची पट्टी घ्या. कंगव्यासारख्या पात्यांचा जुडगा असतो, स्वस्त मिळतो. युनिफाइड बोल्टच्या डोक्यावर पुष्कळदा गोल खोबण असते किंवा बाजूवर एकमेकांना चिकटलेली वर्तुळं असतात, तीही बघा.

टॉर्क रेंच हे हत्यार तसं उशिरा आलं. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार याने १९१८ च्या सुमारास जलवाहिन्यांचे बोल्ट जास्त आवळले जाऊन तुटू नयेत म्हणून ते बनवलं, असं सांगितलं जातं. मोटारींच्या दुनियेत ते १९३० च्या दशकापासून रुळलं. त्याआधी हात होता, आणि पान्याची लांबी होती. हे लोकांच्या लक्षात येत नाही : लहान बोल्टचा पाना आखूड आणि मोठ्याचा लांब असतो, तो उगीच नाही. साधारण माणसाच्या हाताचा जोर त्या बोल्टला पुरेल एवढाच पडावा, हा हिशोब पान्याच्या लांबीत बसवलेला आहे. आणि आपण काय करतो? पान्यात पाइप घालतो.

'हाताला कळतं' हे मी थट्टेवारी नेत नाही. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती करता येणं यांत फरक केला, आणि त्यावर इंग्रजीत पानंच्या पानं लिहिली गेली. मराठीला ते कधीचंच ठाऊक आहे. 'पोहणं म्हणजे काय ते मला माहीत आहे' आणि 'मला पोहता येतं' यांत कोणी मराठी माणूस गल्लत करणार नाही. चांगल्या मिस्त्रीला आवळता येतं. बोल्ट लांबायला लागला की पान्याला एक मऊपणा जाणवतो, तो त्याला कळतो. रेंचला कळत नाही. पण त्याच्या हातालाही घर्षण आणि ओढ वेगवेगळी कळत नाहीत. गंजलेल्या आट्यांवर पाना जड जातो आणि हात म्हणतो, झालं घट्ट. म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ हवेत, चाकी आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरायला हवी. मगच आकड्याला अर्थ. मॅन्युअलने 'तेल लावून' म्हटलं नसेल तर आटे कोरडे ठेवा. आणि एकक बघा. इटालियन पुस्तकात किलोग्रॅम-मीटर असतं, इंग्रजी पुस्तकात पौंड-फूट. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सव्वासात पौंड-फूट; गल्लत झाली तर ती थोडीथोडकी नव्हे.

सस्पेन्शनमध्ये आणखी एक गोष्ट आकडा सांगत नाही, ती म्हणजे वेळ. रबरी बुशमधली पोलादी नळी बोल्टने पक्की धरलेली असते, ती फिरत नाही. चाक वरखाली होतं तेव्हा रबरच पिळलं जातं. गाडी जॅकवर आणि चाकं लोंबकळत असताना हा बोल्ट पूर्ण आवळलात, तर गाडी जमिनीवर आल्याक्षणी रबर पिळलेलं, आणि कायमचं पिळलेलं. पुढचा भाग उंच दिसतो, गाडी दणके देते, सहा महिन्यांत बुश फाटतो आणि दोष दुकानदाराच्या मालाला. हा बोल्ट आधी नुसता बसवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबायची, आणि मग आवळायचा. पाट्यांच्या आतल्या रबरालाही तेच. मात्र त्याहून जुन्या गाडीत रबराऐवजी ग्रीस भरायचे पितळी बुश असतील तर हा नियम लागूच नाही. पुन्हा गाडीचा काळ बघणं आलं.

खाचा असलेली चाकी आणि तिच्यात स्प्लिट पिन, ही तर दोन उलट नियमांची जागा. स्टीअरिंगच्या निमुळत्या सांध्यावर आकडा गाठला आणि खाच जुळली नाही, तर थोडं पुढे आवळायचं, मागे कधीच घ्यायचं नाही. पण पुढच्या चाकाच्या रोलर बेअरिंगवर तीच चाकी असेल, तर चाक फिरवत आवळायची आणि मग पुस्तकात दिलं असेल तेवढी सैल करायची. तिथे पुढे गेलात तर बेअरिंग जळतं. दिसायला चाकी एकच. एक धरून ठेवते, दुसरी फिरू देते. पिन दर वेळी नवी.

ब्रेकच्या नळीचा सांधा आट्यांमुळे नव्हे, नळीचं फुलवलेलं तोंड बैठकीवर दबल्यामुळे बंद होतो. त्यामुळे तिथे नळाच्या कामासारखा धागा, सफेदा किंवा टेप लावू नका. गळत असेल तर आणखी आवळूही नका, उघडून तोंड बघा. रबरी होजचा बोल्ट आतून पोकळ असतो, त्यातून ऑइल जातं, म्हणून तो त्याच जाडीच्या भरीव बोल्टपेक्षा दुबळा. त्याचे तांब्याचे वायसर एकदा दबले की कडक होतात; नवे घाला. चकचकीत दिसतात म्हणून सस्पेन्शनला आणि ब्रेकला बाजारातले स्टेनलेसचे बोल्ट घालणारे हौशी लोक असतात. साधं स्टेनलेस ८.८ च्या पोलादापेक्षा बरंच मऊ असतं, आणि त्याचे आटे एकमेकांना चिकटतात. प्रदर्शनात शोभा येईल, पण घाटात नको.

सगळं आवळून झालं की प्रत्येक चाकीवरून खालच्या धातूपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढा. चारेकशे किलोमीटर गाडी चालवल्यावर खाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर चाकी सरकली आहे. तेवढ्यासाठी पाना लावायचीही गरज नाही.