क्षयजंतूंचे प्रादेशिक वंश आणि त्यांचे जनुकीय वाचन : कडेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कडेगाव हा आज सांगली जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका आहे. पूर्वी तो खानापूर तालुक्याचा भाग होता आणि खानापूर तालुका जुन्या सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. पर्जन्यछायेतील या भूभागाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर स्थलांतराचा इतिहास आहे. सातारा जिल्ह्यातील माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली. खानापूर, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातील अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त भारतभरातील शहरांत स्थायिक झाली. माणसांच्या या येण्याजाण्याच्या नोंदी हजेरीपटात, मनीऑर्डरीत व पत्रव्यवहारात सापडतात. माणसाबरोबर त्याच्या छातीतला क्षयजंतूही प्रवास करतो, आणि त्या प्रवासाच्या खुणा जंतूच्या जनुकसंचात उमटतात. ही दुसरी नोंद इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचावी, आणि ती चुकीच्या मोजपट्टीने वाचल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

आरोग्यधामांचा काळ

सातारा-सांगली परिसरास क्षयरोगाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले. मिरजेस १८९४ पासून वैद्यकीय कार्य करणारे डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या नावाने सांगली व मिरज यांच्या दरम्यान वॉन्लेसवाडी वसली व तेथील क्षयरोग आरोग्यधाम दूरवर प्रसिद्ध झाले. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केला होता. परंतु त्यावर गुणकारी औषध पुढे साठ वर्षे नव्हते. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार एवढेच उपचार होते आणि तेही सर्वांच्या आवाक्यात नव्हते. गिरणीत आजारी पडलेला कामगार बहुधा आरोग्यधामात न जाता गावच्या घरी परत येई. त्याची नोंद झालीच तर मृत्यूच्या रजिस्टरात होई.

आरोग्यधामांचे महत्त्व ओसरले ते मद्रास येथील एका प्रयोगामुळे. १९५६ साली तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आणि आरोग्यधामात राहणारे रुग्ण यांची तुलना करता दोन्हीकडील परिणाम जवळजवळ सारखेच आढळले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरातील क्षयरोग उपचाराची दिशा बदलली. याच केंद्रातील रुग्णांच्या जंतूंवर झालेला दुसरा एक अभ्यास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेनिस मिचिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली दाखवून दिले की, दक्षिण भारतातील अनेक क्षयजंतू गिनिपिगांमध्ये ब्रिटनमधील जंतूंपेक्षा सौम्य रोग निर्माण करतात. क्षयजंतू सगळीकडे एकच असतो या समजास त्यामुळे धक्का बसला. हा फरक कशामुळे, हे सांगण्याचे साधन मात्र त्या काळी उपलब्ध नव्हते.

मूळ प्रत कोणती?

ते साधन १९९८ साली हाती आले. स्ट्युअर्ट कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी क्षयजंतूच्या संपूर्ण जनुकसंचाचे, म्हणजे ४४ लाखांहून अधिक अक्षरांचे, क्रमनिर्धारण प्रसिद्ध केले. त्यांनी वाचलेला ‘एच-३७-आरव्ही’ हा जंतूही एका आरोग्यधामातूनच आलेला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९०५ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील सारानाक लेक येथील ट्रूडो आरोग्यधामाच्या एका रुग्णापासून तो मिळाला आणि प्रयोगशाळांतून दशकानुदशके वाढवला गेला. तेव्हापासून जगातील प्रत्येक क्षयजंतूचे वाचन या प्रतीशी ताडून केले जाते.

येथे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास एक परिचित अडचण जाणवेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना उत्तरेकडील व दक्षिणेकडील हस्तलिखित परंपरा वेगळ्या ठेवून ताडून पाहाव्या लागल्या. एखादी प्रत सहज उपलब्ध आहे म्हणून ती मूळ ठरत नाही. तिच्यापासून वेगळा असलेला प्रत्येक पाठ हा लेखनदोषही नसतो. क्षयजंतूंच्या बाबतीत नेमकी हीच गफलत काही काळ झाली. आयसोनियाझिड या प्रमुख औषधाशी संबंधित ‘कॅट-जी’ या जनुकातील ४६३ व्या स्थानी प्रमाण प्रतीत आर्जिनिन हे अमिनो आम्ल आहे. औषधाला दाद न देणाऱ्या काही जंतूंत तेथे ल्युसिन आढळले आणि १९९० च्या दशकात त्याचा संबंध औषधरोधाशी जोडला गेला. औषधाला पूर्णपणे दाद देणाऱ्या असंख्य जंतूंतही तेथे ल्युसिनच असते, हे नंतर लक्षात आले. भारतात मोठ्या संख्येने आढळणाऱ्या पहिल्या व तिसऱ्या वंशशाखेतील जंतूंचा तो पिढीजात पाठ आहे. प्रमाण प्रत चौथ्या, म्हणजे युरो-अमेरिकन शाखेतील असल्यामुळे भारतीय जंतूचे कुलचिन्ह रोगाचे चिन्ह म्हणून वाचले गेले.

याच्या उलट प्रकारही घडतो. पहिल्या शाखेच्या जंतूंत सुमारे दोन हजार अक्षरांचा एक तुकडा शाबूत असतो. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या शाखांच्या सामाईक पूर्वजात तो गळून पडला, असे २००२ साली सिद्ध झाले. प्रमाण प्रतीत तो नसल्याने केवळ त्या प्रतीशी जुळणारी अक्षरेच टिपणाऱ्या वाचनात तो दिसतच नाही. जे शोधले जात नाही ते सापडत नाही, ही दफ्तरखान्यातील तक्रार येथेही लागू पडते.

महाराष्ट्र : दोन परंपरांच्या सीमेवर

भारतात ढोबळमानाने उत्तरेस तिसऱ्या शाखेचे व दक्षिणेस पहिल्या शाखेचे प्राबल्य आहे. या दोन्ही शाखांच्या जागतिक प्रसारात दक्षिण आशियाचे स्थान मध्यवर्ती असल्याचे अलीकडील अभ्यास सांगतात. महाराष्ट्र या दोन प्रदेशांच्या मध्ये आहे. मुंबईतील जंतूंचे ४३ खुणांच्या आधारे केलेले वर्गीकरण २००५ साली प्रसिद्ध झाले. पश्चिम महाराष्ट्रातील जंतूंविषयीचा मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतील संशोधकांचा निबंध २०१० साली आला व त्यात येथील जंतूंचे वैविध्य मोठे असल्याचे नोंदले गेले. हे वैविध्य येथील लोकांच्या शतकभराच्या वाटचालीशी जुळणारे आहे. तथापि ४३ खुणांवरून घराणे कळते. कोणाकडून कोणाला संसर्ग झाला हे कळत नाही. त्यासाठी संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो. क्षयजंतूत वर्षाला सरासरी अर्ध्या अक्षराएवढाही बदल होत नाही. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंत पाच-दहा अक्षरांचाच फरक असल्यास त्यांच्यातील संसर्गाचा दुवा नजीकच्या काळातील मानला जातो.

या प्रश्नाची निकड २०१२ च्या प्रारंभी सर्वांच्या लक्षात आली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले होते. ‘सर्वौषधरोधी’ या शब्दावर वाद झाला, परंतु रुग्ण खरे होते. पुढे २०२२ साली मुंबई महानगर परिसरातील बहुऔषधरोधी जंतूंच्या जनुकीय अभ्यासातून दिसले की, दुसऱ्या शाखेतील मोजक्या कुळांनी तेथे जोर धरला आहे व फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधेही त्यांच्यापुढे मोठ्या प्रमाणावर निष्प्रभ ठरत आहेत. असा रोध प्रत्येक रुग्णात अर्धवट औषधोपचारामुळेच निर्माण होतो, हे म्हणणे यामुळे टिकत नाही. अनेकांना रोधी जंतूचाच थेट संसर्ग झालेला असतो. रुग्णाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि जनुकीय पुरावा तिच्या विरोधात जातो.

तामिळनाडूतील तिरुवल्लूर व मदुराई जिल्ह्यांतील २२३ जंतूंचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथे निराळीच त्रुटी उघड झाली. इतर देशांतील अभ्यासांवरून माहीत झालेली औषधरोधाची उत्परिवर्तने भारतीय जंतूंतील प्रत्यक्ष रोधाचा उलगडा करण्यास तुलनेने अपुरी पडली. परक्या प्रतीवरून तयार केलेली शुद्धिपत्रिका येथील पोथीस पुरत नाही, असा याचा अर्थ होतो.

कडेगावच्या दृष्टीने ही बाब केवळ शास्त्रीय नाही. ग्रामीण रुग्णाच्या थुंकीची तपासणी आज जलद रेण्वीय यंत्रावर होते. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे त्यांपैकी एक. या प्रारंभिक चाचण्या प्रामुख्याने रिफाम्पिसिनशी संबंधित जनुकातील ८१ अक्षरांच्या खिडकीतून पाहतात. रिफाम्पिसिनरोधाची बहुतेक उत्परिवर्तने त्या खिडकीत सापडतात व म्हणून चाचणी उपयुक्त आहे. मात्र जंतू रिफाम्पिसिनला दाद देणारा पण आयसोनियाझिडरोधी असल्यास ही पहिली चाचणी काहीच सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी व्हावी लागते, आणि ती होईपर्यंत रुग्ण नेहमीचीच औषधे घेत राहतो. मुंबईहून सुट्टीला आलेला मुलगा, परराज्यातील गलाईच्या दुकानातून परतलेला भाऊ आणि कधीही गाव न सोडलेली आई यांचे जंतू एकाच कुळातले की वेगवेगळ्या वाटांनी आलेले, हे तर ८१ अक्षरांतून कळणे शक्यच नाही.

केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २४ मार्च २०२२ रोजी देशभरातील क्षयजंतूंच्या जनुकीय सर्वेक्षणाचा कार्यक्रम जाहीर केला. ३२,५०० जंतूंचे संपूर्ण वाचन हे त्याचे उद्दिष्ट असून पहिल्या टप्प्यातील १०,००० जंतूंचे क्रमनिर्धारण पूर्ण झाल्याचे २०२५ साली सांगण्यात आले. अशा संग्रहात नमुन्याच्या अक्षरांबरोबर रुग्णाचे नाव नको, परंतु तालुका, व्यवसाय आणि गेल्या काही वर्षांतील वास्तव्याची ठिकाणे यांची नोंद असणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. तसे झाले तर वॉन्लेसवाडीच्या खाटेपर्यंत कधीही न पोहोचलेल्या आणि गिरणीतून खोकत गावी परतलेल्या माणसांची वाट त्यांच्या वारसांच्या थुंकीतील जंतूंवरून काही अंशी मागे शोधता येईल.