बैल खच्ची होतो, मग कुत्रा का नाही? (थ्रेड)

१/ लेण्याद्रीच्या पायथ्याशी, गोळेगावच्या शिवारात आमचे घर आहे. घरात काळू नावाचा अकरा महिन्यांचा गावठी कुत्रा आहे. लस टोचताना पशुवैद्यांनी विचारले, "याची नसबंदी करायची का?" मी हो म्हणणार, तोच आजोबा म्हणाले, "बैलाचं वेगळं गं. कुत्र्याला कशाला खच्ची करायचं?" या एका वाक्यामागे फार जुना इतिहास उभा आहे. तो उलगडण्याचा हा प्रयत्न.

२/ प्रथम बैल. नांगराला, मोटेला, गाडीला वळू जुंपता येत नाही. म्हणून गोऱ्हा खच्ची करून त्याचा बैल केला जातो. ही कृती वेदकाळाइतकी तरी जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात इंद्र-वृत्र युद्धाचे सूक्त आहे. तेथे पराभूत वृत्राची तुलना 'वध्रि'शी, म्हणजे वृषभाची बरोबरी करू पाहणाऱ्या खच्ची केलेल्या पशूशी केली आहे.

३/ ही उपमा नीट पाहावी. ज्या पशूच्या श्रमावर शेती उभी राहिली, त्याचेच नाव शत्रूला हिणवण्यासाठी वापरले गेले. मराठीतही तेच घडले. आज 'खच्चीकरण' हा शब्द वर्तमानपत्रात येतो तो कार्यकर्त्यांच्या किंवा संघाच्या मनोबलाविषयी. गोठ्यातील एक नित्याचे काम माणसाच्या मानहानीचे रूपक होऊन बसले.

४/ कामाची रीत मात्र क्रूर होती. अंड ठेचून गोऱ्हा खच्ची करत, भूल न देता. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत बर्डिझो चिमटा तयार झाला. कातडी न फाडता आतील नलिका व रक्तवाहिन्या दाबून तोडणारे हे साधन पुढे आपल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतही रुळले. पद्धत बदलली; पण गोऱ्हा खच्ची करावा की नाही, हा प्रश्न घरात कोणी विचारला नाही. गरजच उत्तर देऊन मोकळी झाली होती.

५/ आता कुत्रा. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबाद येथे चार जड धातुशिल्पे सापडली. त्यांपैकी एक प्रसिद्ध आहे : दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा असलेला माणूस आणि रथाच्या दांडीवर उभा असलेला कुत्रा. एकाच वाहनावर दोन पाळीव पशू. एकाच्या मानेवर जू आहे, दुसरा मोकळा आहे.

६/ आजोबांच्या वाक्याचा अर्थ या शिल्पात दिसतो. कुत्र्याकडून ओढकाम घ्यायचे नव्हते. म्हणून त्याचा नरपणा आपल्या आड येत नव्हता. तो खंडोबासोबत आहे, दत्तात्रेयांच्या पायाशी आहे, दारात राखणीला आहे. पिल्ले किती झाली, किती जगली, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. तो हिशेब उपासमार, रोग आणि दगड यांच्यावर सोडला गेला. आपण यालाच कुत्र्याचे स्वातंत्र्य म्हणत आलो.

७/ शहरात हे चालले नाही. मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला; मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षिसापायी पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्रा पवित्र; अंत्यविधीतही त्याला स्थान आहे. जून १८३२ मध्ये संताप उसळला. दुकाने बंद झाली, गोऱ्या फौजेची रसद अडवली गेली. मुंबईच्या इतिहासातील हा एक आरंभीचा मोठा दंगा, आणि त्याचे कारण कुत्रा!

८/ दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तरी शहरात मोकाट कुत्री मारणे थांबले नाही. मुंबई महापालिका ते १९९४ पर्यंत करत होती. त्यानंतर नसबंदीचा मार्ग आला. २००१ मध्ये केंद्र सरकारने प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियम काढले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. थोडक्यात, कुत्र्याची नसबंदी आपल्याकडे आली ती कत्तलीला पर्याय म्हणून.

९/ येथे एक भेद महत्त्वाचा आहे. रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. पाळलेल्या कुत्र्याची त्याच्या मालकाची. म्हणजे काळूचा निर्णय आमच्या ओसरीवरच व्हायचा आहे. शिवाय एका नराच्या नसबंदीने गावातील पिल्ले कमी होत नाहीत. एक नर सुटला तरी तो अनेक माद्यांना पुरतो. तेव्हा हा निर्णय 'समाजासाठी' म्हणून सजवण्यात अर्थ नाही. प्रश्न काळूच्या हिताचा आहे.

१०/ आणि त्याच्या हिताचा प्रश्न जुन्नरमध्ये बिबट्यापाशी येऊन थांबतो. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने ऊस आला आणि उसात बिबट्या स्थिरावला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात पाळीव कुत्र्याचा वाटा सुमारे ३९ टक्के, म्हणजे सर्वाधिक, आढळला.

११/ येथे भाद्रपद आठवावा. याच महिन्यात लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचा उत्सव असतो, याच महिन्यात आपल्याकडे पोळ्याला खच्ची केलेल्या बैलाची पूजा होते, आणि कुत्र्यांचा 'भादवा'ही हाच. माजावर आलेल्या मादीच्या वासाने नर रात्री घर सोडतो, उसाच्या कडेने मैलोगणती भटकतो, इतर नरांशी भांडतो. गेल्या भाद्रपदात शेजारचा कुत्रा असाच गेला. सकाळी बांधावर फक्त गळ्यातला पट्टा सापडला.

१२/ आणखी एक धोका इतिहासाच्या विद्यार्थ्याला थक्क करणारा आहे. कुत्र्यांत समागमातून पसरणारा एक कर्करोग आहे. त्यात एका कुत्र्याच्या कर्कपेशीच दुसऱ्याच्या शरीरात रुजतात. २०१९ मधील जनुकीय संशोधनानुसार हा रोग सुमारे ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियातील एका कुत्र्यात सुरू झाला. तो कुत्रा केव्हाच मेला. त्याच्या पेशी आजही आपल्या गल्लीतील कुत्र्यांत जिवंत आहेत.

१३/ आता दुसरी बाजू. नसबंदी हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. भटकणे, जागोजागी मुतणे, नरांतील झुंजी बहुधा कमी होतात. पण भीतीपोटी चावणारा कुत्रा त्याने शांत होईलच असे नाही. अंगावर चरबी चढते, म्हणून खाणे मोजावे लागते. घाईही नको : २०१३ मधील एका अमेरिकी अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर नरांत खुब्याच्या सांध्याचा विकार दुप्पट आढळला. ती जात वेगळी, काळू वेगळा. तरी वाढत्या हाडांना या संप्रेरकांची गरज असते, हे त्यातून कळते.

१४/ आजोबांची खरी शंका वेगळीच निघाली : "मग तो राखण करील का?" पशुवैद्यांनी सांगितले की आपले घर ओळखणे आणि परक्यावर भुंकणे हे केवळ अंडांवर अवलंबून नसते. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपला सर्जा तरी कुठं कमी होता?" सर्जा म्हणजे त्यांच्या तरुणपणीचा बैल, अर्थातच खच्ची केलेला. त्याच्या जोरावर आमची विहीर बांधून झाली.

१५/ आमचा निर्णय असा. भाद्रपद आता तोंडावर आहे. आज शस्त्रक्रिया केली तरी संप्रेरकांचा असर ओसरायला काही आठवडे लागतात. म्हणजे या हंगामात तिचा उपयोग थोडाच. म्हणून हा भादवा काळू रात्री गोठ्याच्या बंद खोलीत काढील. वाढ पूर्ण झाली की मार्गशीर्षात, पूर्ण भूल देऊन, शस्त्रक्रिया. बंद खोली त्यानंतरही सुटणार नाही. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला आयताच सापडतो, मग तो नसबंदी केलेला असो वा नसो.

१६/ इतिहास निर्णय घेत नाही, पण त्यावर साचलेली धूळ झटकतो. 'खच्ची' या शब्दातील अपमान माणसांनी माणसांसाठी घडवला; तो ना सर्जाला ठाऊक होता, ना काळूला आहे. बैलाबाबत आपण केवळ आपली गरज पाहिली, मोकाट कुत्र्याबाबत केवळ आपली भीती. दारातल्या या एका कुत्र्याबाबत तरी त्याचे भले कशात आहे, एवढे पाहता यावे.

तुमच्या गावी 'खच्ची करणे' याला दुसरा कोणता शब्द आहे? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खाली जरूर लिहा.