आधी चित्रं काढून टाकली, मग कॉमिक अडवलं

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाची सहावीत आहे. तिच्या दप्तरातून मासिक पाळीवरचं एक कॉमिक डोकावत होतं. मी बघतोय म्हटल्यावर बहीण सहज म्हणाली, "मीच आणून दिलंय, दादा."

मला १९९८ आठवलं. हीच बहीण तेव्हा सातवीत. शाळेतून रडत आली, आपल्याला मोठा आजार झालाय असं समजून. आईने तिला आत नेलं, दार लावून घेतलं. नववीतल्या मला कोणी काही सांगितलं नाही. पुढे प्रजननाचा धडा आला तर सर म्हणाले, "हा घरी वाचा."

खरं तर असल्या प्रश्नांना मराठीत उघड उत्तरं देणारा माणूस आपल्याकडे केव्हाच होऊन गेला होता. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचक नको ते विचारायचे, कर्वे सरळ उत्तर द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र चालूच राहिलं.

आता थेट २००७. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येत होता. त्यातल्या तक्त्यांवर शरीराची चित्रं होती, आणि गदारोळ झाला तो मुख्यतः त्या चित्रांवरून. महाराष्ट्राने कार्यक्रमच नाकारला. इतरही काही राज्यांनी तेच केलं. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला.

त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने 'सविता भाभी' हे इंटरनेटवरचं चावट कॉमिक अडवलं. ते काही शिक्षण नव्हतं, उगाच तसा आव कोणी आणू नये. पण तक्ते हाकलल्यावर पोरं बघणार कुठे? कॅफेत. तिथे जे मिळायचं त्यात ना पाळी, ना संमती, ना भीती. आम्ही मित्र तेवढंच शिकलो, आणि त्याची किंमत आमच्या बायकांनी मोजली. हे लिहायला अवघड जातंय, पण खरं आहे.

भाचीच्या हातातलं कॉमिक 'मेन्स्ट्रुपीडिया'. ते काढलं झारखंडच्या अदिती गुप्ता आणि तुहीन पॉल यांनी. दोघं अहमदाबादच्या एनआयडीत शिकत होते. अदितीला बाराव्या वर्षी पाळी आली, पण स्वतः पॅड विकत घ्यायला पंधरावं उजाडलं. दुकानदाराने तो कागदात गुंडाळून दिला असेल हे तुम्हाला सांगायला नको! त्यांनी २०१२ मध्ये आधी संकेतस्थळ काढलं, मग लोकवर्गणीतून पुस्तक. पिंकी, जिया, मीरा आणि त्यांना समजावून सांगणारी प्रियादीदी. घाबरवणं नाही, कुजबुज नाही. सरकारी तक्त्याचं काम दोन विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून केलं, याची लाज कोणाला वाटायला हवी ते तुम्हीच ठरवा.

त्या दिवशी निघताना बघितलं तर आठवीतला भाचा बाल्कनीत बसून तेच कॉमिक वाचत होता. मला बघून त्याने पटकन पाठीमागे लपवलं.

"वाच की," म्हटलं. त्याने एक प्रश्न विचारला. चपला काढल्या, बाजूला बसलो. उत्तर देताना दोनदा अडखळलो.