रूळ नसलेल्या गावातून: छोट्या रेल्वेच्या छंदाचा इतिहास



‘जामखेडला मोठी रेल्वे नाही, आणि तुम्ही इथे येऊन छोट्या रेल्वेवर बोलणार?’ असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि नगरला स्टेशन मिळालं. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीकडे अरुंद रुळांची गाडी धावू लागली. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट लोकांनी कित्येक वर्षं पाहिली. त्यातल्या नगर-आष्टी टप्प्यावर प्रवासी गाडी सुरू झाली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि २०२५ मध्ये ती बीडपर्यंत पोहोचली. म्हणजे बघा, वायव्येला नगर, आग्नेयेला बार्शी, शेजारी आष्टी. सगळीकडे रूळ आले, जामखेडला मात्र अजून फलाट नाही. तरीही आजचा विषय या गावाच्या जवळचा आहे, तो कसा ते बार्शीपाशी पोहोचलो की लक्षात येईल.

आधी एक फरक स्पष्ट करू. खेळण्यातली गाडी वेगळी आणि गाडीचा नमुना वेगळा. चावी दिली की गोल फिरते ते खेळणं. नमुन्यात प्रत्येक गोष्ट एकाच प्रमाणात लहान केलेली असते. जगभर सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे एकास सत्त्याऐंशी. छंदी मंडळी त्याला ‘एचओ’ म्हणतात. खरा सहा फुटी माणूस या प्रमाणात दोन सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो.

हा फरक एका दिवसात पडला नाही. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये आपल्या खेळण्यांच्या रुळांना ठरावीक मापं दिली. त्याआधी एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. ‘आज रूळ घ्या, पुढच्या वर्षी सांधा घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी पूल घ्या’ हे शक्य झालं ते मापं ठरल्यावर. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० पासून बाजारात आल्या. अमेरिकेतल्या छंदी लोकांनी १९३५ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली, तिचं पहिलं मोठं काम होतं चाकांची आणि रुळांची मापं एकसारखी करणं. खऱ्या रेल्वेचा इतिहास गेजच्या भांडणांनी भरलेला आहे. छोट्या रेल्वेचाही तसाच आहे.

मग हा छंद सुट्टीच्या दिवसाला का चिकटला? कारण त्याला जागा लागते, वेळ लागतो, आणि काम कधी संपत नाही. शनिवारी खडी चिकटवायची, ती रविवारी सुकते, आणि पुढच्या शनिवारी कळतं की सांध्यात गोंद गेलाय. कॅलिफोर्नियात जॉन अॅलन नावाच्या गृहस्थांनी घराच्या तळघरात डोंगर, दऱ्या, पूल यांसह मांडलेली रेल्वे जगात गाजली. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि काही दिवसांतच ती सगळी मांडणी आगीत गेली. आज ती फक्त छायाचित्रांत उरली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. हा छंद परदेशी आहे, आपल्या मातीतला नाही, असं कोणी म्हटलं तर आम्हाला ते अर्धंच पटतं. दिवाळीत अंगणात किल्ला करणारा मराठी पोरगा काय करत असतो? दगड-विटा रचायच्या, पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, वर अळीव किंवा मोहरी पेरायची. चार दिवसांत हिरवं रान उगवतं. मग मावळे, तोफा, सलाइनच्या नळीचं कारंजं, पायथ्याला गाव, गावात विहीर. गणपतीत तेच घरात येतं: हलते देखावे, छोट्या मोटारी, आणि कितीतरी घरांत मखराभोवती फिरणारी आगगाडी. भूप्रदेश लहान करून मांडायचा, शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा, ही सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. फरक एवढाच की किल्ला दिवाळीनंतर मोडतो, देखावा विसर्जनानंतर उतरतो. रेल्वेची मांडणी मात्र टिकवायची असते.

ती टिकवून दाखवणारा मोठा मराठी माणूस म्हणजे पुण्याचे भाऊ जोशी. भाऊंनी आयुष्यभर छोट्या गाड्या जमवल्या, मांडण्या केल्या, फिरती प्रदर्शनं भरवली. मांडायचं, दाखवायचं, सोडवायचं आणि पुन्हा बांधायचं, या खटाटोपातून कायमच्या जागेची गरज पुढे आली. कोथरूडमध्ये १ एप्रिल १९९८ रोजी जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तिथे एक अख्खं छोटं शहर आहे: रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, आणि यांच्यामधून वळणं घेत जाणाऱ्या गाड्या. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जरूर जा. पण गाड्या बघून झाल्यावर एकदा सांधे, तारा आणि सिग्नल बघा. गाडी विकत मिळते, त्या गाड्या एकमेकींवर न आदळता कशा चालवायच्या हे मात्र डोक्यातून काढावं लागतं.

आता भारतीय छंदी माणसाची खास अडचण सांगतो. थोडं गणित आहे, पण सोपं आहे. बाजारात मिळणारे एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. त्याला ८७ ने गुणा. १४३५ येतात. हा युरोप-अमेरिकेचा प्रमाण गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. म्हणजे दुकानातल्या रुळावर तुम्ही आपलं इंजिन हुबेहूब बनवून ठेवलं, तरी त्याच्या पायाखालचा रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद. बहुतेक जण डोळेझाक करतात. काही हट्टी लोक एकेक स्लीपर कापून, एकेक रूळ बसवून १९.२६ चा मार्ग स्वतः घालतात. दुसरी अडचण लांबीची. आपली बावीस डब्यांची गाडी या प्रमाणात सहा मीटरच्या घरात जाते. वीस फुटांची नुसती गाडी! म्हणून छंदी माणूस डबे कमी करतो, फलाट आखूड करतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे त्याला ठरवावं लागतं. इतिहास लिहिणाऱ्यालाही तेच ठरवावं लागतं.

आणि इथे बार्शी येते.

बार्शी लाइट रेल्वे उभी केली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. जीआयपी रेल्वेत नोकरी केलेला हा माणूस. बार्शी ही कापसाची, धान्याची मोठी पेठ, आणि मोठी लाइन तिला बाजूला टाकून गेलेली. कॅलथ्रॉपचं म्हणणं होतं की अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा मार्ग स्वस्तात घालता येईल, फक्त गाडीचा भार जास्त चाकांवर वाटून द्या. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन नको, हे त्याचं सूत्र. रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, तरी माल भरपूर जातो. आधी इंग्लंडात लीड्सजवळ चाचणी झाली आणि १८९७ मध्ये गाडी बार्शीला आली. पुढे एका अंगाने पंढरपूर, दुसऱ्या अंगाने १९११ मध्ये लातूर, आणि १९२७ मध्ये मिरज. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा पसारा. वारकऱ्यांना पंढरीला नेणारी हीच गाडी. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे टप्पे एकेक करून ब्रॉडगेज झाले, आणि अरुंद गाडी संपली.

गेजबदल झाला ते चांगलंच झालं. माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा जाच गेला, लातूर थेट मुंबईशी जोडलं गेलं. गावाला वेगवान गाडी हवी असते, स्मारक नको असतं. पण बदलताना काही ठिकाणी मार्गच सरकला. जुनी गाडी धाराशिवला बगल देऊन जायची, नवी गाडी धाराशिववरून जाते. साहजिकच जुन्या वाटेचा काही भाग आता रुळांशिवाय पडून आहे.

याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे उभारून दिली. तोच अडीच फुटी गेज, बार्शीच्याच कल्पना. जेमतेम तेरा किलोमीटरचा मार्ग. १९०४ मध्ये सुरू झाला, १९३४ मध्ये बंद पडला. अवघी तीस वर्षं. पण तिची दोन इंजिनं, पिवळसर डबे, स्टेशनांच्या लाकडी शेड्या इंग्लंडातले छंदी लोक आजही घरी बांधतात. त्यासाठी लागणारी रेखाचित्रं आणि मापं त्यांच्याकडे आहेत. ती गाडी ज्यांनी कधी पाहिली नाही अशा लोकांनी ती जिवंत ठेवली. बार्शीची गाडी तिची थोरली बहीण. ती शंभराहून अधिक वर्षं चालली, तिच्यात बसलेली हजारो माणसं आज आपल्यात आहेत. मग तिच्या मांडण्या इथल्या घरांत का नसाव्यात?

आमचा आजचा मुद्दा हाच आहे. कंपनीच्या अहवालात भांडवल सापडतं, नफा सापडतो, मालाचे टन सापडतात. पण स्टेशनचं दार कोणत्या दिशेला होतं? पाण्याची टाकी फलाटाच्या कोणत्या टोकाला? हमाल गाठी कुठून कुठे नेत? हे प्रश्न अहवालाला पडत नाहीत. छंदी माणसाला पडतात, कारण टाकी कुठेतरी चिकटवल्याशिवाय त्याचं काम पुढे सरकत नाही. त्याला ‘साधारण’ चालत नाही. आणि उत्तर शोधायला तो शेवटी म्हाताऱ्या माणसाकडेच जातो.

गंमत अशी की बार्शीच्या गाडीपुढे मघाचं गणितही नरम पडतं. ७६२ ला ८७ ने भागा: ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा! युरोपातले छंदी लोक अरुंद गाड्यांसाठी हेच रूळ वापरतात. म्हणजे आपला ब्रॉडगेज दुकानात मिळत नाही, पण बार्शीचा मार्ग मिळतो.

सुरुवात करायची असेल तर कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंतचा पस्तीस किलोमीटरचा मार्ग मांडायला जाऊ नका. या प्रमाणातही तो चारशे मीटर भरेल. एकच दृश्य घ्या. कुर्डुवाडीचा माल बदलायचा फलाट घ्या: एका बाजूला मोठी लाइन, दुसऱ्या बाजूला अरुंद लाइन, मध्ये कापसाच्या गाठी आणि हमाल. चार फूट लांब, दीड फूट रुंद प्लायवूडचा तुकडा पुरतो. पहिल्या रविवारी सगळं फक्त कागदावर, खऱ्या मापात काढायचं. दुसऱ्या रविवारी ९ मिलिमीटरचे रूळ बसवून बारा व्होल्टवर इंजिन पुढे-मागे नीट जातंय ना ते बघायचं, ते जाईपर्यंत सजावटीला हात लावायचा नाही. मोठ्या लाइनवर एकच वाघीण उभी ठेवायची. ती हलणारच नाही, त्यामुळे तिच्याखालचा दीड फूट मार्ग १९.२६ च्या खऱ्या मापात हाताने घालायला हरकत नाही. दोन्ही गेज शेजारी दिसले की बार्शीची अख्खी कहाणी न बोलता कळते.

पुढचं काम तर आपल्याला किल्ल्यापासून येतं. खडीसाठी बारीक चाळलेली वाळू, वर पाणी मिसळलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे तो आत मुरतो. झाडांना वाळक्या काटक्या आणि रंगवलेला भुसा. माती मात्र विकतची नको, आपल्याच शिवारातली काळी माती वस्त्रगाळ करून घ्या.

आणि रूळ घेण्याच्याही आधी एक काम करा. आपल्या घरात, नात्यात, शेजारी कोणी त्या गाडीने पंढरपूरला, बार्शीला, लातूरला गेलं असेल, तर त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवा. स्टेशन काढायला सांगा. तिकिटाची खिडकी कुठे, नळ कुठे, चहावाला कुठे बसायचा, डब्यात बाकं उभी होती की आडवी. दोन माणसांची चित्रं जुळली नाहीत तर दोन्ही ठेवा. जुनी इमारत कुठे उरली असेल तर टेप घेऊन जा, दारं-खिडक्या मोजा, फोटो काढा, तारीख घाला. एकाच घरात ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी ठेवा. अॅलन यांच्या मांडणीचं काय झालं ते मघाशी सांगितलंच. त्या गाडीतले प्रवासी आता वयस्कर होत चाललेत. माहिती कागदावर येण्याचा काळ हाच आहे.

उद्या जामखेडलाही गाडी येईल, न येईल. आली तर तिची मापं पहिल्या दिवसापासून लिहून ठेवू. तोवर बार्शीची गाडी आपल्या हातात आहे, चार फुटांच्या फळीवर मावेल एवढी.

 आता प्रश्न विचारा. आणि कोणी त्या गाडीत बसलेलं असेल तर प्रश्न नका विचारू, आधी पुढे येऊन आठवण सांगा.